सुकं सरपण हुडकायला वेळ लागतो

मी आणि माझ्या बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे चिंचा फोडणं. बांधावरच्या झाडाच्या चिंचा, उन्हात वाळवून ठेवलेल्या. मी हातोडीनं टरफल फोडायचो, ती शिरा ओढून चिंचोके वेगळे करायची. ओसरीवर बसलो होतो, दिवस कलला होता. बोलणं असं काही नव्हतंच. ती म्हणाली, हातोडी हळू मारा, चिंचोका फुटतोय. मी म्हणालो, मग तूच मार. ती म्हणाली, मारते, तुम्ही शिरा काढा, बघू जमतं का. मला ते जमत नाही हे तिला माहीत होतं. मी हातोडी सोडली नाही.

मग तिनं रोजच्यासारखं विचारलं, "उद्या कुन्या अंगाला जानार?"

"मावळतीच्या."

"दिसभर?"

"दिसभर. का?"

"काय न्हाई. असंच."

हे ती रोज विचारायची. मी डोंगर राखायला जायचो, तो उगवतीच्या अंगाला की मावळतीच्या, एवढंच. मला वाटायचं, दुपारची भाकरी कुठं पाठवायची म्हणून विचारत असेल. भाकरी तर मी सकाळीच फडक्यात बांधून न्यायचो. पाठवायचा प्रश्नच नव्हता. इतक्या वर्षांत हे माझ्या डोक्यात आलं नाही, आता काय सांगायचं.

दुसऱ्या दिवशी मी मावळतीच्या अंगाला गेलो. संध्याकाळी आलो तर ती पडून होती. छातीत जळजळतंय म्हणाली. मी म्हणालो, चिंचा खाल्ल्या असशील बसल्या बसल्या. सोडा दिला पाण्यात घालून. तिनं तो पिला आणि माझ्याकडं बघून म्हणाली, म्या चिंचेचं एक बोटुक बी तोंडात घातलं न्हाई. शेजारच्याची जीप काढून संगमनेरला निघालो, पण निघायलाच उशीर झाला होता. दवाखान्यात डॉक्टरनी हात लावला आणि मान हलवली. मी सोड्याच्या भरवशावर बसलो नसतो तर काय झालं असतं, ते मला माहीत नाही. डॉक्टरला मी विचारलं नाही. विचारायची हिंमत झाली नाही.

आम्ही ख्रिस्ती. गावात आमची चारच घरं. पाळकसाहेब आले, प्रार्थना झाली, गावाबाहेरच्या दफनभूमीत तिला ठेवलं. गावातली माणसं आली होती. डोंगरावरच्या वाडीतल्या बायाही आल्या होत्या, मागं उभ्या राहिल्या. त्यातली एक बाई, शेळ्यावाली, मूठमाती द्यायला पुढं आली आणि अशी रडायला लागली की माझ्या मुलीनंच तिला धरलं. मला नवल वाटलं. माझी बायको आणि ही बाई, यांचा काय संबंध? पाचसहा वर्षांपूर्वी मी त्याच बाईची सरपणाची मोळी हिसकावून घेतली होती. मनात म्हणालो, कुणाचं रडणं कुठून येतं, देव जाणे. आणि विसरलो.

आता डोंगराचं सांगतो, नाहीतर पुढचं कळणार नाही.

आमच्या गावाच्या डोक्यावर डोंगर आहे. माझ्या तरुणपणी घळीतली झाडं सोडली तर तो बोडका होता, पाऊस पडला की माती घेऊन ओढा खाली यायचा. मग गावानं पाणी अडवायचं मनावर घेतलं. चर खणले, रोपं लावली, आणि ठराव केला की डोंगरावर शेळ्या-गुरं सोडायची नाहीत, कुऱ्हाड लावायची नाही. कमिटी झाली. राखायला माणूस पाहिजे होता. जमीनवाल्यांना वेळ नव्हता. मला घेतलं. मी कुणाच्या भावकीतला नाही, कुणाची भीड धरणार नाही, असं त्यांना वाटलं. ते खरंही होतं. मी माझ्या सख्ख्या मेव्हण्याची मोळी उतरवून घेतलेली आहे. तो अजून बोलत नाही.

डोंगराच्या वरच्या पठारावर ठाकरांची वाडी आहे. ती आमच्याच ग्रामपंचायतीत मोडते. पण ठराव झाला तेव्हा वाडीला कुणी विचारलं नाही. गावातल्या लोकांकडं गॅस होता, गोठ्यात चाऱ्याला उसाचं वाढं होतं, त्यांना बंदी जड गेली नाही. वाडीत सिलिंडर परवडत नाही म्हणून गॅसची शेगडी फळीवर ठेवलेली आणि खाली चूल. शेत म्हणजे खडक. शेळ्या हेच शेत. त्यांना सांगितलं, उद्यापासून डोंगर बंद. म्हणजे त्यांनी काय करायचं, हे त्या ठरावात नव्हतं. मीही विचारलं नाही. मला काठी दिली होती, मी काठी घेऊन फिरलो.

पहिली दोन वर्षं लई भांडणं झाली. शिव्या, ढकलाढकली. वाडीतल्या माणसांनी एकदा माझ्या अंगावर कुत्रं सोडलं. मी त्या वेळी एका बाईची मोळी ओढली आणि ती दगडावर पडून तिचा हात दुखावला. तीच ही शेळ्यावाली. मी घरी येऊन बायकोला सांगितलंही होतं, शेखी मिरवत. तिनं ऐकलं. पितळीत भाकरी वाढली आणि बाहेर जाऊन गाईजवळ उभी राहिली.

त्यानंतर हळूहळू सगळं थंड झालं. मला मोळी घेतलेली बाई दिसेनाशी झाली. हिरव्या बुंध्यावर कुऱ्हाडीचा घाव दिसेना. रोपं वाढली, धावडा, हिवर, सीताफळी, बोरी. ओढ्याला उन्हाळ्यापर्यंत पाणी राहायला लागलं. गावाला वाटलं, हा म्हाताऱ्याचा वचक. मलाही तेच वाटलं. एका सव्वीस जानेवारीला शाळेच्या पटांगणात मला खुर्चीवर बसवून शाल आणि नारळ दिला. आमच्या घरातल्या माणसाला गावानं खुर्ची दिली ती पहिल्यांदा. बायको बायांमध्ये खाली बसली होती, तोंडाला पदर लावून हसत होती. मला वाटलं कौतुकानं. ती शाल मी नंतर दर रविवारी उपासनेला अंगावर घेऊन जायचो, उन्हाळ्यातसुद्धा. ती म्हणायची, घाम पुसायला बरी हाय.

ती गेल्यावर मी बरेच दिवस डोंगरावर गेलो नाही. मुलगी राहिली थोडे दिवस, मग तिच्या घरी गेली. शेजारची सून आमचं दूध डेअरीला घालायची. मी ओसरीवर बसून राहायचो. तेवढ्यात कमिटीतल्या पोरांनी राखण हातात घेतली. ही पोरं शिकलेली, मोटारसायकलवर फिरणारी. एक दिवस त्यांनी शेळ्यावाल्या बाईला पकडलं. मोळीत ओला धावडा होता, आणि तिच्या शेळ्या चरातल्या रोपांत घुसल्या होत्या. पोरांनी कुऱ्हाड काढून घेतली, शेळ्या हाकत खाली आणल्या आणि कोंडवाड्यात घातल्या. तोडलेल्या बुंध्यांचे फोटो मोबाईलवरच्या गावच्या ग्रुपवर टाकले. शेळ्या सोडवायला बाईचा मुलगा आला, तेव्हा त्याचं आणि पोरांचं भांडण गचांडी धरण्यापर्यंत गेलं.

गावाची पाण्याची पाईपलाईन वाडीजवळच्या तळ्यातून येते. वाडीतल्या लोकांनी त्याच संध्याकाळी तिचा कॉक बंद केला. दुसऱ्या दिवशी गावात नळ कोरडे. आता आली पंचाईत.

मला कुणी बोलावलं नव्हतं, पण मला राहवलं नाही. मी काठी घेऊन वर गेलो. पायवाटेच्या अगदी कडेला धावड्याचे दोन बुंधे तोडलेले, ओले, चीक वाळलेला नव्हता. ती पहिली भांडणं थांबल्यापासून असं कधी झालं नव्हतं. डोकं फिरलं. तसाच वाडीत गेलो आणि तिच्या दारात उभा राहिलो. ती हंड्यात पाणी ओतत होती. मी म्हणालो, माझी बायको जाऊन महिना झाला नाही अन् तुमचं सुरू झालं? तिच्या मातीला रडलीस ते काय नाटक होतं?

तिनं हंडा खाली ठेवला.

"बसा, बाबा."

"बसायला आलो न्हाई. ओला धावडा का तोडला ते सांग."

"सुकं हुडकायला येळ लागतो, बाबा," ती म्हणाली. "पार घळीत उतरावं लागतं. ह्या झाडाखाली एक काटकी, त्या झाडाखाली एक. अर्धा दिस जातो. तुमी कुटं हाय ते म्हाईत असलं की आमी निवांत हुडकायचो. आता काय कळत न्हाई, कोन कुटून गाडी घालील. मंग जे हाताला लागतं ते तोडायचं आन पळायचं. शेळ्यांचं बी तसंच. त्यांना निवांत ओढ्याकडनं न्यायला येळ कुटाय?"

मी म्हणालो, मी कुठं आहे ते तुम्हाला कसं माहीत असायचं?

तिनं माझ्याकडं बघितलं. असं बघितलं, जसं एखाद्याला वाटतं की हा चेष्टा करतोय. मग तिच्या लक्षात आलं की मी चेष्टा करत नाही.

"तुमाला म्हाईत न्हाई?" ती म्हणाली. "तुमच्या घरची बाई सांगायची."

मग तिनं सगळं सांगितलं. मी बसलो नव्हतो तो तिथंच उंबऱ्याजवळ दगडावर बसलो.

तिचा हात दुखावला त्या आठवड्यात ती डेअरीवर आपल्या गाईचं दूध घालायला आली होती, हाताला फडकं बांधून. आमचं दूध माझी बायको घालायची. मी कधी डेअरीवर गेलो नाही, मला ते बायांचं काम वाटायचं. तिथं रांगेत माझ्या बायकोनं विचारलं, हाताला काय झालं. बाईनं सांगितलं, तुझ्या नवऱ्यानं केलं. माझी बायको तशीच घरी परतली. दुसऱ्या दिवशी हळद आणि तेल घेऊन आली. तिसऱ्या दिवशी म्हणाली, उद्या ते उगवतीच्या अंगाला आहेत.

तसं सुरू झालं. रात्री मला विचारायचं, सकाळी डेअरीच्या रांगेत सांगायचं. पण फुकट नाही. तिनं वाडीतल्या बायांना अटी घातल्या होत्या. ओलं तोडायचं नाही, फक्त पडलेलं आणि वाळलेलं. शेळ्या ओढ्याच्या कडेनं न्यायच्या, चरातल्या रोपांकडं नाही. सीताफळ डोळे पडून पिकायला आल्याशिवाय काढायचं नाही. आणि एकीनं जरी अट मोडली, तर आठवडाभर ती कुणालाच काही सांगायची नाही. रांगेत उभी राहायची, गाईचं बोलायची, पावसाचं बोलायची, पण तेवढं नाही.

"दोनदा झालं तसं," बाई म्हणाली. "एकदा माज्याच जावंनं ओला हिवर तोडला. मंग आमीच तिला धरून झापलं. आठ दिस चुलीला गोवऱ्या जाळल्या सगळ्या वाडीनं. पुन्यांदा न्हाई कुनी हात लावला."

मी विचारलं, ती माझ्याबद्दल काय म्हणायची.

ती म्हणाली, "म्हनायची, माज्या मानसाला डोंगर राखल्याचा मान मिळू द्या, तुमाला सरपन मिळू द्या. दोगांचं भागतंय ना."

उतरताना मी त्या तोडलेल्या बुंध्यांपाशी पुन्हा थांबलो. पायवाटेच्या कडेला, घाईनं, तिरके घाव. मग घळीकडं वळलो. तिकडं मी सहसा जात नसे, गुडघे दुखतात. तिथं मोठमोठे धावडे उभे होते, जुने, आणि त्यांच्याखाली एक वाळकी काटकी नव्हती. झाडून घेतल्यासारखं. इतकी वर्षं वाडीतल्या बाया इथं वाकून वाकून एकेक काटकी वेचत होत्या, आणि मी त्याच वेळी डोंगराच्या दुसऱ्या अंगाला काठी आपटत फिरत होतो. मी मोकळा डोंगर राखत होतो. लाज वाटली म्हणायचं तर त्यापेक्षा जास्तच काहीतरी वाटलं. मला तिचा राग आला. हेही लिहितो. मेलेल्या बायकोचा राग आला, की हिनं मला असं बावळट ठरवलं, वाडीतल्या प्रत्येक बाईला माहीत आणि एकट्या मला नाही. खाली येईपर्यंत राग गेला. मग दुसरंच सुरू झालं, ते अजून आहे.

त्याच संध्याकाळी पंचायतीच्या ओट्यावर मीटिंग बसली. टँकरचं पाणी आलं होतं, त्यावरून भांडणं झाली होती, माणसं आधीच तापलेली. सरपंच तरुण माणूस आहे, वाईट नाही. त्याला वाटत होतं एकदाचं मिटावं. पण पोरं ऐकत नव्हती. त्यांचं म्हणणं, ही बाई सराईत आहे, हिच्यावर वन खात्याकडं तक्रार द्यायची, पोलिसांतही द्यायची, म्हणजे वाडीला धडा बसेल आणि कॉकही उघडेल. वाडीतून कुणी आलं नव्हतं. बोलावलं असेल असंही वाटत नाही.

सरपंचानं मला पुढं बसायला खुर्ची दिली.

"बाबा, तुमच्या राजात एक झाड तुटलं नाही," तो म्हणाला. "मग आत्ताच का? तुम्हीच सांगा, ही बाई आधीपासून अशीच आहे का? तुमचा शब्द असेल तर तक्रारीला वजन येईल."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. एक पोरगा म्हणाला, बाबा घरात बसले म्हणून यांना पाय फुटले. दुसरा म्हणाला, आता बाबांसारखा वचक कुणाचा राहिला? बाबांना दुःखात त्रास देऊ नका, असंही कुणीतरी म्हणालं.

मी काहीच बोललो नाही.

माझ्याजवळ कारण होतं. मी बोललो असतो तर लोक म्हणाले असते, म्हाताऱ्याची बायको फितूर होती. गावाचा डोंगर वाडीला विकत होती. तिच्या मातीवरचं गवत अजून उगवलं नव्हतं, आणि मी तिच्या नावावर हे आणायचं? असं मी मनात म्हणालो. हे कारण खोटं नव्हतं. पण पुरं खरंही नव्हतं. खरं हे की ती शाल, ती खुर्ची, तो वचक, सगळं उतरवून ओट्यावर ठेवावं लागलं असतं, आणि मला ते करवलं नाही. सरपंचानं जरा वाट बघितली. मग म्हणाला, राहू द्या, बाबांची मनःस्थिती नाही. ठरलं असं की सकाळी दूध घालून झालं की तो आणि दोन पोरं जीपनं संगमनेरला जाऊन तक्रार देतील. बाईच्या शेळ्या तोपर्यंत कोंडवाड्यातच.

मी काही बोललो नाही म्हणजे माझा होकार झाला. गप्प बसण्यानंही माणूस एखाद्याला तुरुंगात पाठवू शकतो. वाडीतली बाई चूल कशावर पेटवणार, हे मी पूर्वी विचारलं नव्हतं तेव्हा निदान मला माहीत नव्हतं. आता माहीत असून गप्प बसलो होतो.

सकाळी उठून मी गाईची धार काढली. शेजारची सून आली, किटली द्या म्हणाली. मी म्हणालो, आज मी जातो. ती बघत राहिली.

वाटेनं जाताना मी काय बोलायचं ते ठरवत होतो. मला एक चांगला मार्ग सापडला होता. मी सांगणार होतो की बाईला मीच सांगत होतो. दया आली म्हणून मीच कुठल्या अंगाला असतो ते कळवायचो, सुकं न्या म्हणायचो. म्हणजे बाईवरचं संकट टळेल, बायकोचं नाव निघणार नाही, आणि झाला तर दोष माझ्यावर. मला ते लई बरं वाटलं. दोष अंगावर घ्यायला निघालेला माणूस मी. अर्ध्या रस्त्यापर्यंत मी त्याच तोऱ्यात चाललो.

डेअरीवर रांग होती. वाडीतल्या दोनतीन बाया कडेला उभ्या होत्या, कुणी त्यांच्याशी बोलत नव्हतं. शेळ्यावाली नव्हती. सरपंचाचं दूध मशीनला लागलं होतं, तो फॅट बघत उभा होता. कमिटीची दोन पोरं जीपला टेकून होती. मला तिथं बघून कुणीतरी म्हणालं, बाबा आणि डेअरीवर?

मी किटली खाली ठेवली आणि म्हणालो, "सरपंच, जीप काढू नका. त्या बाईला मी कुटं असतो ते कळायचं. म्हनून ती फक्त सुकं न्यायची. तिला ते सांगायचो..."

आणि इथं मी अडकलो. तोंडावर आलेला शब्द 'मीच' होता. तो म्हटला असता तर दोष माझा झाला असता, पण त्याबरोबर उरलेलं सगळंही माझंच झालं असतं. ते जुने धावडे, तो ओढा, वाडीतली ती शिस्त. गावानं एकदा तिचं काम माझ्या अंगावर शाल म्हणून घातलं होतं. आता मी तेच दुसऱ्यांदा, स्वतःच्या हातानं घालून घेणार होतो. आणि ती मेलेली. तिला कुणी विचारणार नाही.

"मी न्हाई सांगायचो," मी म्हणालो. "माझी बायको सांगायची. हितंच. ह्याच रांगेत. मला न सांगता."

मग जेवढं मला माहीत होतं तेवढं सगळं सांगितलं. अटी सांगितल्या. आठवडाभर गप्प राहायची ते सांगितलं. मध्ये मशीन चालू होतं, डेअरीवाल्या पोरानं ते बंद केलं. वाडीतल्या बाया खाली बघत होत्या. एक पोरगा पुटपुटला, म्हणजे घरातच फितुरी. सरपंचानं त्याच्याकडं बघितलं, पण मीच म्हणालो, म्हणू द्या, मलाही पहिल्यांदा तसंच वाटलं होतं.

रांगेतला एक माझ्याच वयाचा आहे, त्याला जीभ आवरत नाही. तो म्हणाला, "म्हंजे म्हातारबा, इतकी वर्सं तुमी मोकळाच डोंगर राखला म्हना की."

"व्हय," मी म्हणालो. "मोकळाच."

दोघंतिघं हसले. हसू द्यायला काही हरकत नव्हती. मी सरपंचाला म्हणालो, तक्रार द्यायची तर माझ्यावर आणि माझ्या बायकोवर द्या, आणि त्याआधी घळीत उतरून बघा, जुन्या एका तरी बुंध्यावर घाव आहे का. ओला धावडा तोडला तो यांनी नाही, आपल्या मोटारसायकलींनी तोडायला लावला. पोरांना हे झोंबलं, ते बोलायला लागले, मलाही चार शब्द सुनावले. सरपंचानं हात वर करून त्यांना थांबवलं. मग त्यानं वाडीतल्या बायांना विचारलं, हे खरं का. त्यांतली थोरली म्हणाली, खरं हाय, पन आता सांगनार कोन? सरपंच म्हणाला, आज संगमनेरला जायचं राहू द्या. संध्याकाळी वाडीतल्या बायांना घेऊन बसू. बायांना, तो म्हणाला, हे मी ऐकलं. मग मला विचारलं, शेळ्यांचं काय करायचं? मी म्हणालो, माझ्याकडं द्या.

कोंडवाड्याचं दार उघडून मी शेळ्या बाहेर काढल्या. आयुष्यात कधी शेळ्या वळल्या नव्हत्या, फक्त हाकलल्या होत्या. त्या माझ्या काठीला बिचकून चारी दिशांना जायच्या, म्हणून काठी गावाबाहेर बाभळीला टेकवून ठेवली आणि हातानं, आवाजानं, जमेल तसं नेत राहिलो. डोंगराला लागल्यावर एका शेळीनं चरातल्या बोरीला तोंड घातलं. मी तिचं शिंग धरून ओढलं. ती अट होती.

पुढं ओढ्याचं तोंड आलं. बायकोनं घालून दिलेला रस्ता इथूनच वर जातो, एवढं मला शेळ्यावालीनं सांगितलं होतं. पण ओढ्याच्या कोणत्या काठानं, कुठून कुठवर, ते मी विचारलं नव्हतं. दोन्ही काठांना रोपं दिसत होती. मी शेळ्या गोळा करून तिथंच खडकावर बसलो, आणि वाडीकडं तोंड करून त्या बाईला हाक मारली.